पितराच्या ताटातला ग्लास

कुंडल,
नवरात्राची तिसरी माळ

प्रिय वीरधवल,

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर 'वहिनी, रेंज नाही' म्हणून ठेवून देतोस. महाबळेश्वराला पाऊस फार, तारा पडत असतील. पण वकिलाचा फोन तुला तिथे बरा लागतो. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. येत्या शुक्रवारच्या तारखेआधी तुझ्या हातात पडेल. टॅक्सी स्टँडवर चार जणांत उभ्या उभ्या वाचू नकोस. खोलीवर जा, दार लाव, बस आणि वाच.

आधी घरचं सांगते, कारण तू विचारत नसलास तरी तुला हवं असणार. आईंचे गुडघे दुखतात पण घट बसवायला त्यांनीच वावरातली माती चाळून दिली. शिवांजली बरी आहे. तुझ्यावर चिडली आहे आणि तुझे दोन शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवले आहेत. प्रियदर्शनीने शाळेत सांगितलं की बाबांची गाडी पोलिसांना आवडली म्हणून त्यांनी ठेवून घेतली. मी काही दुरुस्त केलं नाही, सहा वर्षांच्या पोरीला तेवढं पुरे. म्हैस आटली आहे, त्यामुळे पितरपाटाच्या आधीपासून घरात कोराच चहा चालू आहे. द्राक्षबागेची छाटणी सुरू केली. आकारामभाऊजी मिरजेहून डोळ्याचं ऑपरेशन करून आले आणि डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलेलं असताना डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बांधावर उभे राहिले. बायकांनी हसून विचारलं तर म्हणाले, "तुमची काडी चुकली का न्हाई ते बगाय एक डोळा बास हाय." माणूस आहे म्हणून निभावतंय.

आता तुझं. झाकून बोलायची मला सवय नाही. शुक्रवारी तासगावच्या कोर्टात तुझी तारीख आहे. मागच्या वर्षी जज्जसाहेबांनी तुला तुरुंगात न धाडता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. दारूला शिवायचं नाही ही त्यातली अट. खाली तुझी सही आणि त्याच्याखाली जामीन म्हणून माझी. पितराच्या दिवशी संध्याकाळी वाईच्या अलीकडे पोलिसांनी तुझी गाडी अडवली, तोंडात नळी दिली आणि यंत्राने दारू दाखवली. तो गुन्हा तिकडे साताऱ्याकडे वेगळा चालेल. पण त्यामुळे इकडचा बाँड मोडला असं ठरलं, तर मोहसीनच्या केसमधली जी शिक्षा साहेबांनी राखून ठेवली होती ती तुला भोगावी लागेल. गाडी रिकामी होती आणि तू घाट चढायच्या आधी अडवला गेलास, याचे मी देवाचे उपकार मानते. लायसन गेलं तर परत काढता येतं.

मोहसीन परवा दिसला होता. बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशी 'गाडी जरा मागं घे' एवढंच म्हणाला म्हणून तू दारूच्या तारेत त्याच्या हातावर पाना घातला होतास, तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. बॉक्स उचलायचं काम सुटलं, काट्यावर वजन बघायला बसतो. मला बघून उठून उभा राहिला. तुझी चौकशी केली नाही आणि मीही काही सांगितलं नाही. त्याची आई मदिनाबी बेदाणा निवडायला जाते, तिचे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "ताई, घिऊन जावा तुमच्या पोराला. माज्या पोराचा हात मोडला, आता ह्येचं आयुष्य मोडून माला काय मिळायचं हाय? फकस्त बाटलीपास्नं लांब ठेवा." मी 'ठेवते' म्हणाले. तू तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ फोनवर बोलत होतास. म्हणजे बघ, कागदावर तू सही केलीस, पण शब्द मी दिला आहे.

मागच्या आठवड्यात रविवारी हंबीररावकाका वकिलाला घेऊन घरी आले. काका आपल्यासाठी धडपडतात यात शंका नाही. तुझे दादा गेल्यावर चुलत सासऱ्याच्या नात्याने त्यांनी कधी पाठ फिरवली नाही. बाजेवर बसले, "सूनबाई, च्या टाका" म्हणाले, कोरा चहा बघून तोंड वाकडं केलं आणि मग मोठ्या आवाजात सांगू लागले, "काय घाबरायचं कारन न्हाई. पोरगं दारू पिलंच न्हाई. पोरगं पितर म्हनून जेवलं! भावाच्या पितराला बसल्यावर ताटातलं टाकता येतंय व्हय? आपला रिवाज हाय. न्यायाधीश झाला म्हनून काय त्येच्या घरात पितरं न्हाईत?" वकील मान डोलावत होते. त्यांचं म्हणणं असं, की एक ग्लास तू पोटात घेतलास तो धर्म म्हणून, घरच्या मोठ्या माणसांच्या आग्रहाखातर. सगळ्या भावकीने डोळ्यांनी बघितलं आहे, सगळे येऊन सांगतील, आणि त्यात खोटं काही नाही. मी विचारलं, दुपारी जेवणातला एक ग्लास दिवेलागणीपर्यंत यंत्रात कसा राहील? त्यावर वकील कागद चाळू लागले, पण काका कसले थांबतात. म्हणाले, "गिलास मिलटरीचा व्हता, सूनबाई. त्यात काय कमी मावतंय व्हय!" मग ठरलं ते असं, की सगळ्यांच्या आधी मी बोलायचं. मी जामीन, मी विधवा, ग्लास मी भरला आणि माझ्या हाताने तुझ्या ताटाशी ठेवला. "एवढंच सांगा," वकील म्हणाले, "यातला कुठला शब्द खोटा आहे?" मी कपबशा उचलून आत गेले. जाता जाता वकिलांनी सांगितलं की ही वाट त्यांना तूच दाखवलीस.

तो दिवस मला परत परत आठवतो. दरवर्षी तुझ्या दादांचं पितर म्हणून आकारामभाऊजी बसतात. दोघं एका पलटणीतले, वयही एक. भटजी गेले, कावळ्याचं पान छपरावर टाकलं, की मग आई कपाटातून तो काचेचा ग्लास काढतात, पलटणीचा शिक्का असलेला. मिलिटरी कॅन्टीनची रमची बाटली मी वर्षातून तेवढ्यासाठी एकदाच आणते. भाऊजी वड्यांपेक्षा त्या ग्लासाचीच वाट बघत असतात. या वर्षी ते मिरजेला डोळा बांधून पडलेले, आणि आयत्या वेळी आई म्हणाल्या, "भावाच्या जागी भावानंच बसावं. बस रं वीरू." तू बसलास. मी तुझे पाय धुतले, गंध लावलं. तुझ्या दादांची टोपी तुझ्या डोक्यावर घातली, ती तुला बरोब्बर बसली, आणि दारातल्या बायकांनी हात जोडले. मला पुढचं ताट क्षणभर दिसेना. आई म्हणाल्या, "गिलास आन गं. त्येच्या वाटणीचं त्येला मिळालंच पायजे." बाँडची आठवण जमलेल्या भावकीत कुणालाच नव्हती. असती तरी कुणी बोललं नसतं, कारण पितर म्हणून बसलेला माणूस त्या वेळी वीरधवल नसतोच. मी स्वयंपाकघरात गेले आणि ग्लास भरून आणला. तू पहिला घोट घेतलास आणि मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मग उरलेला डोळे मिटून एका दमात संपवलास. आईंनी पदर डोळ्याला लावला. तीन वाजता तू निघालास तेव्हा गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला होती, ती मीच काढून तुझ्या हातात दिली.

किल्लीवरून तुझे दादा आठवतात. तुला माहीत आहे त्यांची रीत. महिन्यातून एखाद्या वेळी आकारामभाऊजींबरोबर बसायचे, एकच ग्लास, आणि बाटलीचं झाकण उघडायच्या आधी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात द्यायचे. आधी किल्ली, मग ग्लास. एकदा भाऊजी चिडवायला लागले, "गड्या, बायकोला भितोस व्हय रं?" तर म्हणाले, "बायकोला न्हाई, मोटरसायकलला भितो." आता त्यांना जाऊन चार वर्षं झाली. लोक मला सांगायचे, दिवस जातील तसं दुःख कमी होईल. माझं काही कमी झालेलं नाही, फक्त त्याने घरात आपली जागा धरली आहे. ते तिथे बसतं आणि मी कामं करते, एकमेकांना आम्ही आडवं येत नाही. वाचनालयातून पुस्तक आणते, रात्रीचं जेवण झालं की वाचत बसते, त्यात कुणाकुणाची दुःखं असतात, ती वाचून आपलं मोजायची सवय मोडली. पण एक गोष्ट मला सहन होणार नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी किल्लीच्या आधी ग्लास घेतला नाही, त्याचं नाव भर कोर्टात, त्याच्यामुळे भाऊ दारू पिऊन गाडीवर बसला, असं घेतलं जाणं.

तुला एक गंमत सांगते, आजवर सांगितली नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा मला अक्षरं लावून लावून चार ओळी वाचता यायच्या. तुझ्या दादांची पत्रं सीमेवरून यायची आणि ती मला तू वाचून दाखवायचास. तू आठ वर्षांचा, चड्डीला एक बटण नाही, पण वाचायचास असा की तलाठ्याने उतारा वाचावा. एका पत्रात तू वाचलंस, "वीरधवल अभ्यासात हुशार आहे, त्याला यंदा सायकल घ्यावी असा माझा विचार आहे." दिवाळीत ते रजेवर आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, पत्रात लिहिलं होतं तशी सायकल घ्या त्याला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे बघितलं. दाराच्या फटीतून तुझा एक डोळा दिसत होता. "व्हय," ते म्हणाले, "लिव्हलं व्हतं खरं." दुसऱ्या दिवशी तासगावातून लाल सायकल आली. पुढे मी हट्टाने वाचायला शिकले, एकेक जुनं पत्र काढून स्वतः वाचलं. सायकल कुठेच नव्हती. मी त्यांना काही बोलले नाही आणि तुला तर नाहीच. तुझं ते वाक्य मला त्या सगळ्या पत्रांमधलं सगळ्यात गोड वाटायचं. पण गेले आठ दिवस मी विचार करते आहे, आम्ही दोघांनी तेव्हा तुला सायकल दिली की आणखी काही दिलं? वहिनीला कळलं तरी ती बोलणार नाही, ही तुझी खात्री तिथूनच सुरू झाली असेल.

मागच्या बुधवारी मी सांगलीला प्रोबेशन ऑफिसच्या बाईंना भेटून आले. एसटीने गेले, एकटीच. बाईंना वाटलं मी रडायला आले आहे, त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, मला रडायचं नाही, विचारायचं आहे. माणूस स्वतः उभा राहून कबूल झाला आणि दारू सोडायच्या उपचाराला दाखल झाला, तर काय होतं? त्या म्हणाल्या, तसं अहवालात लिहीन, पण शेवटी साहेबांच्या हातात आहे, मी हमी देत नाही. मला तेवढं पुरलं. सरळ बोलणारी बाई आहे. मिरजेत उपचाराची सोय आहे, तिथेही जाऊन बघून आले. स्वच्छ आहे, जेवण बरं आहे, तुझ्यासाठी खाट सांगून ठेवली आहे. साहेबांनी पुन्हा जामीन मागितला तर मी आहे. त्यांनी तुला आत पाठवलं, तर तेही आपण काढू. छाटणी, फवारणी सगळं आकारामभाऊजींच्या एका डोळ्याखाली मी आणि शिवांजली बघू. प्रियदर्शनीची शाळा चुकणार नाही. दर भेटीच्या दिवशी मी येईन, आणि तुला पुस्तक आणीन, कारण तुला वाचता येतं आणि तू वाचत नाहीस, याचा मला फार राग आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. त्या ग्लासात रम नव्हती, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. आईंनी ग्लास आण म्हटल्यावर मी बाटली उघडली, टोपणभर रम फोटोपुढच्या वाटीत ओतली, म्हणून वास घरभर झाला. ग्लासात मात्र सकाळचा गार झालेला कोरा चहा ओतला. रंग तोच दिसतो. म्हातारीचं मन मोडायचं नव्हतं आणि तुझा बाँडही. म्हणून तर किल्ली मी माझ्या हाताने दिली, रम असती तर तुझ्या दादांची बायको म्हणून मी ती पदराला बांधली असती. पहिल्या घोटाला तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत हसू होतं, आणि मला वाटलं, पोरगं सावरलं. त्यानंतर वाटेत कुठे थांबून तू प्यायलास ते मला ठाऊक नाही. भावाची टोपी घालून उठल्यावर तुला आत काय झालं असेल, ते मात्र मी समजू शकते, ते मला रोज होतं. पण मी तुला वाचवायला भरलेला ग्लास तू वकिलाला दारूचा म्हणून दिलास, कारण आईंसमोर मी कधी तोंड उघडणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. तर ऐक. आज सकाळी मी आईंना सांगितलं. त्या घटापुढे बसल्या होत्या. त्यांनी आधी घटाला पाणी घातलं, मी समोर बसून राहिले. मग म्हणाल्या, "च्यात गूळ घातलावतास का साखर?" मी म्हटलं, गूळ. "मंग झालं," त्या म्हणाल्या, "त्येला साखरंचा चालत नव्हता." आणि थोड्या वेळाने, "वीरूला म्हनावं, माज्या मेलेल्या लेकाच्या आडून बोलू नगंस." तेव्हा माझ्यापुढे आता कुठलीच अडचण उरली नाही. शुक्रवारी मला साहेबांनी विचारलं तर मी चहा म्हणून सांगणार. पण मला विचारायची वेळ येऊ नये, त्याच्या आधी तू उभं राहून सांगावंस, कुठे थांबलास, काय प्यायलास, सगळं, अशी माझी इच्छा आहे, आणि तू सांगशील अशी माझी खात्री आहे. मदिनाबीलाही मी निरोप धाडला आहे, ती येईल. मी सकाळी दहाला कोर्टाच्या दारात असेन, तुझा इस्त्रीचा शर्ट घेऊन. आत जायच्या आधी हे पत्र आणखी एकदा वाच, आणि या वेळी त्यात जेवढं लिहिलं आहे तेवढंच वाच, सायकल घालू नकोस.

तुझीच,
वहिनी